कायद्याची जरब आणि तरुणांचे व्यसन

अमली पदार्थांचा मोठा साठा एखाद्या बंदरात, गोदामात किंवा बंद पडलेल्या कारखान्यात सापडला, की दोन-चार दिवस वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. जप्त मालाचे वजन किलोंमध्ये आणि किंमत कोटींमध्ये सांगितली जाते. त्यापाठोपाठ कायदा अधिक कडक करावा, जामीन देऊ नये, जन्मठेप द्यावी, अशा मागण्या सुरू होतात. या मागण्यांमागील कळकळ खोटी नसते. शाळा-महाविद्यालयात जाणारा मुलगा सुखरूप घरी परतावा, एवढीच पालकांची इच्छा असते. परंतु इच्छा शुद्ध असणे आणि तिच्या पूर्तीचा मार्ग बरोबर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कडक कायद्यामुळे तरुणांमधील व्यसन कमी होते काय, हा प्रश्न भावनेने नव्हे, तर अनुभवाच्या आधारे सोडवावयास हवा. आणि असा अनुभव आता थोडाथोडका नाही. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा अधिनियम, ज्याला सर्वसाधारणपणे एनडीपीएस कायदा म्हणतात, तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे योगायोगाने बालदिनीच, अमलात आला. त्या वर्षी जन्मलेली मुले आज चाळिशीला पोहोचली असून त्यांतील अनेकांची मुले शाळा-महाविद्यालयांत आहेत. एका कायद्याचा हिशेब मांडण्यास एवढा काळ पुरेसा आहे.

परवान्याकडून बंदीकडे

भारतात मादक द्रव्यांकडे पाहण्याची सरकारी दृष्टी नेहमीच आजच्यासारखी नव्हती. ब्रिटिश अमदानीत अफू आणि गांजा ही सरकारी उत्पन्नाची साधने होती. १८९३-९४ साली काम केलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले. गांजा-भांगेच्या माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक ठरते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि सरसकट बंदीऐवजी परवाना व कर यांचा मार्ग सुचविला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांवर व द्रव्यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे उद्दिष्ट ठरविले. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी झाला. गांजाचा औषधेतर वापर थांबविण्यासाठी त्या करारात पंचवीस वर्षांची मुदत होती. भांगेची पाने त्यातून वगळली गेली आणि म्हणूनच होळीची भांग आजही या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे.

कायदा तातडीने करण्यास निमित्त मात्र वेगळे घडले. १९७९ नंतर अफगाणिस्तान व इराण या देशांतील उलथापालथीमुळे हेरॉईनच्या व्यापाराचे मार्ग बदलले आणि भारत हा वाहतुकीचा टप्पा बनला. वाटेवरचा माल वाटेवरच झिरपू लागतो, हा व्यापाराचा नियमच आहे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी मुंबई व दिल्ली येथे ब्राऊन शुगर दिसू लागली. मुंबईच्या गल्ल्यांनी तिला ‘गर्द’ हे नाव दिले. ऑगस्ट १९८५ मध्ये विधेयक लोकसभेत मांडले गेले, सप्टेंबरमध्ये त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि नोव्हेंबरमध्ये कायदा लागू झाला. एवढ्या दूरगामी कायद्याला तीन महिनेही लागले नाहीत.

या कायद्याने गांजा वगळता बहुतेक व्यापारविषयक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा ठरविली. १९८९ च्या दुरुस्तीने जामीन दुरापास्त केला आणि विशिष्ट मोठ्या प्रमाणाचा गुन्हा पुन्हा करणाऱ्यास मृत्युदंड अनिवार्य केला. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील अनिवार्यता घटनाबाह्य ठरविली आणि २०१४ च्या दुरुस्तीने तो ऐच्छिक झाला. त्याआधी, २००१ साली, अल्प प्रमाण व व्यापारी प्रमाण असा महत्त्वाचा भेद कायद्यात आला. हेरॉईनच्या बाबतीत पाच ग्रॅमपर्यंत अल्प आणि अडीचशे ग्रॅमहून अधिक ते व्यापारी. गांजाच्या बाबतीत एक किलो आणि वीस किलो. म्हणजेच मोठा व्यापारी आणि खिशात पुडी बाळगणारा पोरगा यांत अशा पायऱ्यांनी फरक केला पाहिजे, हे ध्यानात यावयास कायद्याला सोळा वर्षे लागली.

चाळीस वर्षांचा हिशेब

एवढ्या कठोरतेचे फलित काय? येथे पहिली अडचण मोजमापाची आहे. पोलीस यंत्रणा जप्त मालाचे वजन सांगते. परंतु जप्ती वाढली म्हणजे व्यापार कमी झाला, असा अर्थ होत नाही. व्यापार वाढला म्हणूनही जप्ती वाढू शकते. किलोंचा आकडा हा प्रयत्नांचा आकडा आहे, फलिताचा नव्हे. खरा प्रश्न हा की नव्याने व्यसनाकडे वळणारी मुले किती, ती कोणत्या वयात वळतात आणि वळलेल्यांपैकी परत किती येतात.

या प्रश्नाच्या उत्तराजवळ नेणाऱ्या दोन राष्ट्रीय पाहण्या उपलब्ध आहेत. पहिलीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. तीत बारा ते साठ वर्षे वयाच्या सुमारे चाळीस हजार पुरुषांची पाहणी होती. दुसरी पाहणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केली व तिचा अहवाल २०१९ साली आला. तीत सर्व राज्यांतील दहा ते पंच्याहत्तर वर्षे वयाच्या चार लाख सत्तर हजारांवर व्यक्तींशी संपर्क साधण्यात आला. पहिल्या पाहणीत पुरुषांपैकी ०.७ टक्के अफूवर्गीय पदार्थ घेत असल्याचे आढळले. दुसरीत स्त्री-पुरुष मिळून हे प्रमाण २.१ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख एवढे निघाले. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नसल्यामुळे त्यांची काटेकोर तुलना करणे योग्य नव्हे. तथापि हे व्यसन स्त्रियांत फारच कमी आढळते, हे लक्षात घेता, स्त्रियांचा समावेश करूनही प्रमाण वाढलेले दिसावे, ही बाब पद्धतीतील फरकाकडे बोट दाखवून निकालात काढता येणार नाही.

एकूण आकड्यापेक्षाही त्याची घडण अधिक बोलकी आहे. पहिल्या पाहणीच्या काळी अफूवर्गीय पदार्थांत नैसर्गिक अफूचा वाटा मोठा होता. दुसरीत हेरॉईनने तिला मागे टाकले: हेरॉईन १.१४ टक्के, गुंगीकारक औषधांचा गैरवापर ०.९६ टक्के आणि अफू केवळ ०.५२ टक्के. सौम्य पदार्थाची जागा जहाल पदार्थाने घेतली. हे कायदा असताना घडले. आणि काही अंशी कायद्यामुळेही घडले, असे मानण्यास जागा आहे.

बाजाराचा नियम

याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजावे असे आहे. बंदीमुळे पुरवठ्याची जोखीम वाढते आणि ती जोखीम किमतीत मिळविली जाते. मग व्यापारी असा माल निवडतो, की ज्याचे आकारमान लहान व किंमत मोठी. पोतेभर अफूच्या बोंडांपेक्षा पुडीभर हेरॉईन लपविणे सोपे. शिक्षा जितकी कडक, तितका व्यापाराचा कल अधिक जहाल आणि अधिक सुटसुटीत पदार्थाकडे.

मागणीच्या बाजूला दोन प्रकारचे ग्राहक असतात. ज्याला व्यसन जडले आहे त्याची मागणी किमतीने फारशी घटत नाही. भाव वाढला तर तो घरातील भांडी विकतो, चोरी करतो किंवा स्वतःच पुड्या विकू लागतो. याउलट जो अद्याप उंबरठ्याबाहेर आहे, अशा नवख्या तरुणाला किंमत आणि दुर्मिळता यांमुळे परावृत्त करता येते. बंदीचा खरा उपयोग आहे तो येथे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१९ च्याच पाहणीत दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी आढळले. जो पदार्थ बहुतेक राज्यांत राजरोस दुकानात मिळतो त्याचा वापर किती पसरतो, हे या आकड्यावरून कळते. तेव्हा सर्व मादक द्रव्ये खुली करावीत, असा निष्कर्ष या विवेचनातून काढणे चुकीचे होईल.

परंतु नवख्यापुढे पर्यायही असतात. एक पदार्थ महाग किंवा दुर्मिळ झाला, की मागणी दुसऱ्याकडे सरकते. हेरॉईनची टंचाई झाली की खोकल्याचे औषध आणि वेदनाशामक गोळ्या यांकडे मोहरा वळतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ साली या कायद्याच्या कक्षेत आणावे लागले, ते याच कारणाने. कायदा पदार्थांच्या यादीमागे धावत राहतो आणि बाजार यादीबाहेरचा पदार्थ शोधत राहतो.

या संदर्भात मुलांविषयीची एक माहिती अत्यंत विचार करावयास लावणारी आहे. २०१९ च्या पाहणीत मोठ्या माणसांपेक्षा दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत अधिक प्रमाणात आढळलेला व्यसनाचा प्रकार एकच होता. तो म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन यांसारखे पदार्थ हुंगण्याचा. मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के. या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी मदतीची गरज असलेली मुले सुमारे ४ लाख ६० हजार असल्याचा अंदाज या अहवालाने दिला आहे. हे पदार्थ स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानात मिळतात. एनडीपीएस कायद्याशी त्यांचा संबंध नाही. पदपथावर, रेल्वे फलाटावर आणि कामाच्या ठिकाणी बालपण घालविणारा मुलगा जे स्वस्त आणि हाताशी असेल ते हुंगतो. त्याची भूक, एकाकीपणा आणि भय यांवर यादीतील कोणतेही कलम लागू पडत नाही.

स्वीडनचा दाखला

कडक धोरणाचे पुरस्कर्ते जगात एका देशाकडे नेहमी बोट दाखवितात. तो देश म्हणजे स्वीडन. या दाखल्याचा विचार करणे आवश्यक आहे; कारण भारतात जे मोजले गेले नाही ते तेथे मोजले गेले आहे. सुमारे पंधरा-सोळा वर्षे वयाच्या शाळकरी मुलांची पाहणी तेथे १९७१ पासून सातत्याने होत आली आहे. आयुष्यात एकदा तरी मादक द्रव्य घेतलेल्या मुलांचे प्रमाण १९७१ मध्ये सुमारे १५ टक्के होते. ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ३ टक्क्यांच्या आसपास आले. संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्यविषयक कार्यालयाने २००७ साली एका अहवालात स्वीडनच्या धोरणाचा यशस्वी म्हणून गौरव केला.

तथापि घटनांचा क्रम लक्षपूर्वक पाहिला तर चित्र तितके सरळ राहत नाही. मादक द्रव्याचे नुसते सेवन हा स्वीडनमध्ये गुन्हा ठरला तो १९८८ साली, म्हणजे प्रमाण तळाला गेल्यावर. १९९३ साली त्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली आणि संशयावरून रक्त-लघवीची तपासणी करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. यानंतर प्रमाण आणखी घटावयास हवे होते. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकात ते वाढत गेले आणि २००१ च्या सुमारास १० टक्क्यांच्या घरात पोहोचले. सेवनास शिक्षा ठेवल्यामुळे तरुण परावृत्त झाल्याची स्पष्ट चिन्हे दिसत नाहीत, असा निष्कर्ष खुद्द स्वीडनच्याच गुन्हेप्रतिबंधक राष्ट्रीय परिषदेने २००० साली काढला.

मग नव्वदच्या दशकात काय घडले होते? त्या दशकाच्या प्रारंभी स्वीडन तीव्र आर्थिक मंदीत सापडला. बेकारी सुमारे दोन टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या वर गेली. तिची झळ तरुणांना अधिक बसली आणि नगरपालिकांच्या समाजसेवांवरील खर्चाला कात्री लागली. त्याच काळात युरोपातील इतर देशांतही तरुणांचा वापर वाढत होता, हे खरे. म्हणून सर्व दोष मंदीच्या माथी मारता येत नाही. परंतु एवढे निश्चित, की शिक्षा वाढत असताना वापरही वाढला. स्वीडनच्या आधीच्या यशामागे केवळ पोलीस नव्हते. शाळा, रोजगार, गावोगावी काम करणारे समाजसेवक आणि उपचाराची सोय यांची भक्कम बैठक होती. शिवाय या यशाची दुसरी बाजूही आहे. अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात गेल्या दशकात स्वीडन युरोपीय संघातील वरच्या देशांत गणला गेला. हौसेने एकदा चाखून पाहणारे थोडे झाले, पण जे खोल बुडाले त्यांना वर काढणारे हात अपुरे पडले.

पोर्तुगालने २००१ साली वेगळी वाट धरली. तेथे मादक द्रव्ये खुली झाली नाहीत. व्यापार हा गुन्हाच राहिला. मात्र दहा दिवस पुरेल एवढे द्रव्य स्वतःसाठी बाळगणाऱ्यास फौजदारी न्यायालयाऐवजी डॉक्टर, समाजसेवक व कायदेतज्ज्ञ यांच्या समितीपुढे नेण्यात येऊ लागले आणि उपचाराच्या सोयी वाढविण्यात आल्या. तरुणांमध्ये व्यसनाचा पूर येईल, हे भाकीत खरे ठरले नाही. सुया वापरणाऱ्यांमधील एचआयव्हीची लागण मात्र खूप घटली.

शिक्षा कोणाला?

या अनुभवांवरून आपल्या कायद्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्याच्या २७ व्या कलमाखाली नुसत्या सेवनासाठी, पदार्थानुसार, सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा फार मोठी नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मध्यमवर्गीय किंवा गरीब घरातील मुलाला शिक्षेपेक्षा खटला अधिक जड जातो. वकिलाचा खर्च, तारखा, नोकरीपूर्वीची पोलीस चौकशी, शेजाऱ्यांच्या नजरा यांत त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे जातात. अमली पदार्थांच्या साखळीत सर्वांत सहज हाती लागणारा दुवा सेवन करणारा असतो आणि सर्वांत दूरचा दुवा भांडवल पुरविणारा असतो. प्रकरणांची संख्या दाखवावयाची असेल तर यंत्रणा पहिल्याकडे वळणार, हे उघड आहे.

आणखी एक परिणाम आकड्यांत दिसत नाही. मुलाच्या वागण्यात बदल जाणवताच बापाने डॉक्टरकडे जावे की गप्प बसावे, या विवंचनेत घराघरांत महिने निघून जातात. प्रश्न आजाराचा असता तर तो पहिल्या दिवशी गेला असता. गुन्हा म्हटल्यावर तो लपवितो. शाळेतील शिक्षकाचीही हीच कोंडी होते. मुलाला वाचवावे तर शाळेचे नाव जाईल, या भीतीने दाखला हातात देऊन प्रकरण मिटविले जाते आणि मुलगा ज्या एका ठिकाणी कोणाच्या तरी नजरेखाली होता तेथूनही दुरावतो.

वास्तविक कायद्यातच परतीची वाट आहे. कलम ६४-अ अन्वये, अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून मुभा मिळते. कलम ३९ न्यायालयाला शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठविण्याचा अधिकार देते. पण या कलमांचा उपयोग व्हावयाचा तर उपचाराची जागा असावयास हवी. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला रुग्णालयात राहून उपचार मिळतात, असे २०१९ चा अहवाल सांगतो. वाट कायद्यात आखलेली आहे. जमिनीवर ती बांधलेली नाही. पंजाबने २०१७ पासून व्यसनी व्यक्तींना बाह्यरुग्ण दवाखान्यांतून नियमित औषध देण्यास प्रारंभ केला, तो अशी वाट बांधण्याचाच प्रयत्न होय.

खर्च कोठे करावयाचा?

शासनाचा पैसा, पोलिसांचे मनुष्यबळ आणि न्यायालयांचे दिवस ही सर्व मर्यादित साधने आहेत. पुडीभर गांजासाठी लागणारा पंचनामा, रासायनिक तपासणी व न्यायालयीन वेळ मोठ्या व्यापाऱ्याच्या तपासातून वजा होत असतो. म्हणून बंदी असावी की नसावी, यापेक्षा बंदीची धार कोणावर चालवावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. व्यापाऱ्याच्या बाबतीत कायदा कठोर राहिलाच पाहिजे. त्याच्या पैशाचा माग काढणे, मालमत्ता गोठविणे आणि रसायने व औषधे यांच्या घाऊक विक्रीवर नजर ठेवणे येथे ती कठोरता खर्च व्हावी. अल्प प्रमाण बाळगणाऱ्यास मात्र पहिल्याच पायरीवर उपचाराकडे व समुपदेशनाकडे वळविण्याची रीत नियमाने घालून द्यावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यासाठी खाटा आणि डॉक्टर असावेत. शाळा-महाविद्यालयांत भाषणे व प्रतिज्ञा यांपलीकडे जाऊन, विद्यार्थी विश्वासाने बोलू शकेल असा प्रशिक्षित समुपदेशक असावा. त्याने ऐकलेले पोलिसांपर्यंत जाणार नाही, ही हमी असावी. आणि स्वीडनप्रमाणे शाळकरी मुलांची निनावी पाहणी ठरावीक वर्षांनी व्हावी. म्हणजे पुढील चाळीस वर्षांचा हिशेब किलोंत नव्हे, माणसांत मांडता येईल.

यापैकी कोणतीही गोष्ट या भूमीला परकी नाही. कायदा अमलात आल्यानंतर वर्षाच्या आतच, १९८६ साली, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांची दशा पाहून अनिल अवचट यांनी लेखन केले, डॉ. सुनंदा अवचट यांनी केंद्राची धुरा वाहिली आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीने त्याचा पाया घातला गेला. त्या केंद्राने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण आणि घरचा माणूस मानले. एका वर्षात देशाने दोन उपाय सुरू केले. एक दिल्लीत संसदेने केलेला, तुरुंग, पोलीस व न्यायालये यांचे बळ लाभलेला. दुसरा पुण्यात देणगीवर उभा राहिलेला. पहिल्याला शासनाने चाळीस वर्षे दरसाल पैसा आणि माणसे पुरविली. दुसऱ्यासारखी केंद्रे मात्र अद्याप बऱ्याच अंशी सेवाभावी संस्थांच्या आणि तुटपुंज्या अनुदानाच्या भरवशावर चालतात. तरुणांमधील व्यसन खरोखरच कमी करावयाचे असेल, तर पुढील अर्थसंकल्पात हे प्रमाण बदलले आहे किंवा नाही, हे नागरिकांनी जप्तीच्या बातम्यांइतक्याच उत्सुकतेने पाहिले पाहिजे.